ईस्टले साखर कळते

१४ डिसेंबर २००६, आर्णी
एका गोड घाण्याचा खरा खर्च: मैदा दहा किलो, साखर तीन किलो, ईस्टचा एक पुडा, भट्टीची लाकडं आणि बायको लीलाबाईची बोलणी. पीठ फुगलंच नाही. टोस्ट दगड.
कल्पना चूक नव्हती. कापूस खरेदी केंद्रासमोरची रांग चार दिवस हलली नाही. गाडीवाले माझा टोस्ट चहात बुडवून दिवस काढतात. त्यातले मारोतराव म्हणाले, "घनश्यामशेठ, तोंड कडू झालं. जरा गोड करा ना बाप्पा."

१५ डिसेंबर
दोष ईस्टचा. आमची पोरगी अपेक्षा यवतमाळला बी.एस्सी. करते. फोनवर म्हणाली, "बाबा, ईस्टले साखर कळते. कमी असली की कणन्कण ओढणारी दारं उघडते. भरपूर असली की ती बंद करून दुसरी उघडते. लयच झाली तर आकसून बसते."
म्हटलं, "एवढुसा जीव! त्याले कळते कसं?"
"अंगावरच सेन्सर असतात. तुम्ही तुमची साखर कधी तपासता?"
पोरगी विषय काहून बदलते, कळत नाही. सोमवारी तपासतो. नक्की.

१८ डिसेंबर, सोमवार
दवाखाना राहिला. घाणा होता. लाकूड संपलं म्हणून जुनं खोकं फोडून जाळलं. साखर एकच किलो. पिठाला कान लावला, चुरचुर ऐकू आली. वीस वर्षांत हा कान चुकला नाही. ईस्टला कळतं ते मला आधी कळतं. माझ्या अंगातलंही.
लीलाबाई म्हणाली, "सकाळपासून तिसरा गडवा पाणी पिऊन राह्यले तुम्ही." भट्टीसमोर तहान लागणारच. पायांच्या तळव्यांना कापूस बांधल्यासारखं वाटतं. या मोसमात कापूस कुठे नाही?

२० डिसेंबर
टोस्ट फक्कड. मारोतराव म्हणाले, "आता जमलं." आणखी दोन मागितले. रांग तिथेच. चव पाहायला मी सहा खाल्ले. रात्रीही भट्टीपाशीच पडतो, चपला पायातच. दवाखाना येत्या सोमवारी.

२२ डिसेंबर, सकाळी १०
लीलाबाई ओरडली, "फरशीवर रगत कोनाचं?" मी म्हटलं, कारागिराचं असेल. कारागीर श्रावणने दोन्ही पाय वर करून दाखवले. स्वच्छ. मग तिने माझी चप्पल ओढली. पायातून निघेना.

दुपारी २
साखर ३८६. डॉक्टरांनी विचारलं, "दुखलं नाही?" लीलाबाई म्हणाली, "सोमवारनंतर यायनं खोकं फोडलं नाही."
खोक्याचा खिळा, चपलेतून थेट तळव्यात. दीड इंच.