जागेवर मोजलेला डायोड

बाबा, ज्या पाटावर बसून तू लोकांचे रेडिओ उघडायचास, त्याच पाटावर आज मी एक बोर्ड उघडून बसलो आहे. बोर्ड तिच्या घरच्या मोटारपंपाचा आहे. ती म्हणजे कॉलेजात माझ्यासोबत होती ती. मी मध्येच सोडलं, ती अजून शिकते आहे. पावसानं दडी मारली, कालव्याला पाणी सुटलं नाही, धानाच्या रोपांचे पऱ्हे पिवळे पडायला लागले, आणि त्यातच त्यांच्या विहिरीवरची मोटार बंद. मोटार लावणारा रिले टकटक करतो, पण धरत नाही. काल काहीतरी निमित्त काढून मी तिथं गेलो होतो. कोणी विचारायच्या आत बोलून बसलो, "मी करून देतो." तिच्या वडिलांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "कॉलेज त अर्ध्यातच सोडलास. हे तरी पुरं करशीन का गा?" ती दारात उभी होती. उद्या सकाळपर्यंत पाणी लागलं नाही तर पऱ्हे जातील, आणि त्यांच्याबरोबर माझंही त्या घरी जाणं.

सकाळी मीटर लावला. रिलेच्या शेजारच्या डायोडवर दोन्ही बाजूंनी काटा हलला. चांगला डायोड एकाच बाजूनं हलवतो, म्हणजे हा गेला! उपटून काढला, तू सुटे पार्ट ठेवायचास त्या बिस्किटांच्या डब्यातला दुसरा लावला. पुन्हा तेच. डोकं फिरलं, पेचकस भिंतीवर हाणला. आई आतून म्हणाली, "भिंतीनं का केलन तुझं? जेवाले ये." मी फोन उचलला. कालपासून माझ्या प्रत्येक मेसेजला तिचं नुसतं "हो" आणि "बरं". मी लिहिलं, नसेल जन्मभर माझ्यासोबत राहायचं तर तोंडावर सांग. पाठवायला बोट गेलंच होतं.

तेवढ्यात तूच आठवलास. मी सहावीत आहे, तू घरापुढच्या सपरीत टीव्ही उघडून बसला आहेस, मी ऐटीत सांगतो, "बाबा, हा पार्ट गेला." तू पेचकसाची मूठ माझ्या बोटांवर मारतोस. "काऊन रे, जागेवरच मोजून राहिलास? तो एकटा आहे का तिथं? शेजाऱ्यातून करंट जाते अन् तुले वाटते हाच बोलून राहिला. एक पाय सोडव, मंग विचार त्याले." माझे डोळे भरतात. तू तुझा मीटर माझ्या मांडीवर ठेवतोस. "घे. आतापासून तुझाच." त्याच हिवाळ्यात तू गेलास.

काढलेला जुना डायोड मी तसाच सुटा मोजला. चांगला होता बिचारा. रिलेच्या वेटोळ्यातून काटा हलत होता आणि मी डायोडला दोष देत होतो. मग कंडेन्सरचा एक पाय सोडवला. काट्यानं उडी मारून परत यायला हवं होतं. तो जागचा हललाच नाही. कंडेन्सर आतून वाळून गेला होता. दुसरा लावला आणि तुझ्या रीतीनं मध्ये बल्ब जोडून वीज दिली, काही शॉर्ट असेल तर बोर्ड न जळता बल्बच पेटावा म्हणून. बल्ब पेटला नाही. रिलेनं टक केलं आणि धरलं.

फोनवरचं ते पुसून टाकलं. तिच्या बाजूला वडील, काकू, सगळं घर बसलेलं. तिथून ती "हो"शिवाय काय लिहिणार? मी तिलाही जागेवरच मोजत होतो. बोर्ड बसवताना ती विहिरीवर मला प्यायला पाणी घेऊन येईल, तिथं तिला एकटीला विचारायचं आहे.

ऊन उतरायला लागलं. आता निघायलाच हवं, आणि मी मात्र रिले पुन्हा पुन्हा लावून पाहतो आहे. दर वेळी धरतो. हा कागद पाठवायला तुझा पत्ता नाही, म्हणून तुझ्याच डब्यात ठेवतो. खरं सांगू, बाबा? बोर्डाची धास्ती मघाशीच संपली. विहिरीवर, एकटी असतानाही ती नाहीच म्हणाली, तर तिथं बदलून लावायला या डब्यात माझ्यासाठी काहीच नाही.