शकुनला झोपवायची शास्त्रीय पद्धत

१६ एप्रिल १९७३, सोमवार

नाही, भिडेखातर हो म्हटलेलं नाही! आणि तू कोण मला विचारणार? डायरी आहेस, डायरीसारखी गप्प पड. पूर्ण विचार करून हो म्हटलंय. कॉलेज बंद. परीक्षा पुढे ढकललेली. कादंबरी (एकही क्रियापद नसलेली, मराठीत पहिलीच) पहिल्या पानावर अडलेली. मग रोज दुपारी वरच्या मजल्यावर जाऊन उज्ज्वलावहिनींच्या शकुनला सांभाळायचं, यात घाबरण्यासारखं काय आहे? साडेचार वर्षांची पोर.

वहिनींचा बी.ए.चा एकच पेपर राहिलाय. अर्थशास्त्र. पहिल्यांदा लग्नापायी बुडाला, दुसऱ्यांदा शकुनच्या बाळंतपणापायी. आता अठ्ठावीस तारखेला, शनिवारी. यंदा बसल्या नाहीत तर नाव रद्द, मग सगळं पहिल्यापासून. घरात शकुन पुस्तकावर बसते, म्हणून दुपारी नॅशनल लायब्ररीत जाऊन वाचणार. वहिनींच्या यजमानांना, दिगंबरदादांना, बँकेने सहा महिन्यांपूर्वी बंगालमधून थेट नागपूरला धाडलं. म्हणजे मीच.

आई म्हणाली, ज्याला आपला टॉवेल वाळत घालता येत नाही तो लोकांची पोर काय सांभाळणार. आईला व्हिजन नाही.

चौरंगीच्या अमेरिकन लायब्ररीत एका मासिकात लेख सापडला. टीनएजर बेबीसिटर्ससाठी व्यावहारिक सूचना. मी अठरा, म्हणजे लेख माझ्यासाठीच. याची सुधारित मराठी आवृत्ती मंडळाच्या गणपती अंकाला देणार. स्वानुभवावर आधारित. स्वानुभव उद्यापासून.

१७ एप्रिल

सूचना: डॉक्टर, फायर ब्रिगेड वगैरेंचे नंबर फोनजवळ लावून ठेवा. आमच्या सगळ्यात जवळचा फोन ट्रामलाइनच्या पलीकडे, औषधाच्या दुकानात. तिथे कागद चिकटवायला गेलो. दुकानदाराने हाकललं. सूचना माझ्याकडून पाळली गेली असं धरतो.

सूचना: विचारल्याशिवाय फ्रीज उघडू नका. वहिनींकडे फ्रीज नाही. चिवड्याच्या डब्याबद्दल लेखात काही म्हटलेलं नाही.

शकुन झोपली नाही. मी घोडा. ती वर. दुपारभर.

१९ एप्रिल

लोडशेडिंग. पंखा बंद. शकुन चालू.

झोप यावी म्हणून तिला कादंबरीचं पहिलं पान वाचून दाखवलं. नीट ऐकलं. मग विचारते, श्रीकांतकाका, यात कुणी काहीच का करत नाही?

बालवाचक हा माझा वाचक नाही.

वहिनी आल्या तेव्हा शकुन कपाटावर. वहिनी हसल्या, पण डोळे सुजलेले. म्हणाल्या, रात्री ही झोपू देत नाही, दुपारी झोपली तर संध्याकाळी शहाण्यासारखी वागते, नाहीतर रडून रडून आकांत. एकदा हिला दुपारची झोप लागली ना, की मी पास झालेच म्हणून समज.

शब्द दिला. उद्यापासून शास्त्रीय पद्धतीने.

२० एप्रिल, शुक्रवार

युरेका!

शोध खालच्या मजल्यावर लागला. घरमालकांची आई, सगळे ठाकुमा म्हणतात, नातवाला झोपवत होत्या. पोरगा हातपाय झाडत होता. ठाकुमा कानाशी एवढंच म्हणाल्या, झोप, नाहीतर बर्गी येतील. पोरगा क्षणात गार. मी जिन्यात उभा होतो, मलाही जांभई आली.

वर जाऊन प्रयोग केला. शकुनने विचारलं, बर्गी म्हणजे कोण?

सूचना: मुलांशी कधीही खोटं बोलू नका. बोललो नाही. सांगितलं, फार वर्षांपूर्वी घोड्यांवर बसून बंगालमध्ये यायचे. गावं लुटायचे. पैसे दे, धान्य दे. कुठून यायचे? म्हटलं, नागपूरकडून. दिसायचे कसे? हे इतिहासाच्या पुस्तकात नव्हतं, मी भर घातली. मोठ्या मिशा. खांद्यावर मोठ्ठं बोचकं. बोचक्यात काय? म्हटलं, जी मुलं झोपत नाहीत ती.

झोपली.

बेबीसिटरने झोपू नये अशी सूचना आहे. मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून चिंतन करत होतो. वहिनींनी उठवलं. म्हणजे, हाक मारली.

२१ एप्रिल

पुन्हा झोपली. वहिनींचे दोन धडे झाले, डिमांड आणि सप्लाय. येताना माझ्यासाठी नाहूम बेकरीची पेस्ट्री. म्हणाल्या, जादूगार आहेस. पद्धत विचारली. म्हटलं, कथनाची लय.

हे खोटं नाही. लय होतीच.

(शकुनचा झोपण्याआधीचा प्रश्न: बर्गी कुठल्या भाषेत बोलतात? म्हटलं, मराठीत, आणखी कशात? आपलेच लोक ते. इतिहासाची गोडी लहानपणीच लागलेली बरी.)

२३ एप्रिल

शकुन मराठी बोलेना. जेवायला बंगालीत मागते, भांडतेही बंगालीत. आमि घुमोच्छि, म्हणजे मी झोपतेय, असं स्वतःच जाहीर करते आणि पांघरूण डोक्यावरून घेते. एप्रिलमध्ये.

वहिनी जरा काळजीत. म्हणाल्या, शाळेत बंगाली, खाली ठाकुमांकडे बंगाली, घरात तेवढी मराठी होती, तीही गेली की काय. परमुलखात पोरांचं असंच होतं का रे? तू तर इथेच जन्मलास. मी म्हटलं, भाषिक विकासाची एक अवस्था असते. अशी अवस्था असते की नाही मला माहीत नाही. असावी.

आईने संध्याकाळी रोखून पाहिलं. काय सांगितलंयस तिला? म्हटलं, काही नाही. आई म्हणाली, काही नाही सांगून पोर एवढी घामेजून झोपत नाही.

एक वाईट विचार आला. दडपला.

२५ एप्रिल

दिगंबरदादांचं पत्र. रजा मिळाली. शुक्रवारी सकाळी मेलने हावड्याला उतरणार, शनिवारी पेपर होईपर्यंत शकुनला तेच सांभाळणार. वहिनी स्वयंपाकघरात गुणगुणत होत्या. पहिल्यांदाच ऐकलं.

माझी ड्यूटी संपली. सुटलो. नागपूरहून येतायत, हे आत्ता लक्षात आलं.

नागपूरहून.

संकल्प: उद्या शकुनला सगळं नीट समजावून सांगायचं.

२६ एप्रिल

उद्या सांगेन. आज झोपली होती. झोपलेल्या मुलाला उठवू नये, सूचना आहे.

२७ एप्रिल, शुक्रवार

शांतपणे लिहितो.

सव्वानऊच्या सुमारास टॅक्सी आली. मी आमच्या खिडकीत. दिगंबरदादा उतरले. सहा महिन्यांत मिशा ठेवल्यात. इतक्या भरघोस, की मलाच एक पाऊल मागे जावंसं वाटलं. खांद्यावर होल्डॉल. चांगला फुगलेला. जिना चढतानाच मोठ्यांदा, खास मराठीत: शकू! कुठे आहे माझी शकू? चल, बाबा घ्यायला आला!

किंकाळी ट्रामलाइनपर्यंत गेली असेल.

शकुन आमच्या दारावरून खाली पळाली, ठाकुमांच्या खाटेखाली शिरली आणि बंगालीत ओरडायला लागली, बर्गी आलाय, बर्गी आलाय! ठाकुमा आधी हसल्या. दिगंबरदादांना म्हणाल्या, या बर्गीमोशाय, बसा, चहा घेता की चौथाई? दादाही हसले. खाटेखाली हात घातला. ती चावली. मग कुणी हसलं नाही.

दुपारी दादा जिन्यात बसले होते, हातात संत्र्याची बर्फी. मला म्हणाले, सहा महिन्यांत पोर बापाला विसरते रे. चूक माझीच. बढतीच्या नादात गेलो.

तोंड उघडलं होतं. त्यांनी त्यात बर्फी घातली.

संध्याकाळी वहिनी आल्या. शकुन आता त्यांचा पदर सोडत नाही. म्हणाल्या, श्रीकांत, तुझ्यापाशीच ती शांत असते. उद्या साडेदहाला येशील? ती तुझ्याजवळ बसली की मी हळूच निघेन. पेपर बाराला. येशील ना रे?

येईन. शंभर टक्के. साडेदहाला नाही, दहालाच.

२८ एप्रिल, शनिवार

एक मानसशास्त्रीय मुद्दा सुचला. मी गेलो तर बापलेकीचं नातं सुधारणार कसं? मध्ये तिसरा माणूस नको. शिवाय शकुन माझ्यासमोर काही बोलली असती. म्हणजे तिला ताण आला असता.

म्हणून नऊच्या ट्रामने कॉलेज स्ट्रीट. कॉफी हाउस. कादंबरी पुढे सरकली: 'दुपार. पंखा. खाट. खाटेखाली अंधार.' पाच शब्दांनंतर कॉफी गार. परत येताना ट्राम बंद पडल्यामुळे उशीर झाला, असं आईला सांगितलं. ट्राम उत्तम चालली होती.

आईने हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाली, दोनदा वरून हाक आली. मी म्हटलं बाहेर गेलाय. कुठे, विचारलं. मला माहीत असतं तर ओढून आणलं असतं. उज्ज्वला फाटकापर्यंत गेली होती. पोर रडून रडून काळीनिळी पडली, म्हणून उज्ज्वला परत आली. मग बारा वाजून गेले.

वर गेलो. दाराशी उभा राहिलो. वहिनी भाजी निवडत होत्या. हॉल तिकीट टेबलावर, त्यावर तेलाची बाटली. म्हणाल्या, अरे, ये ना, जेवलास का?

जेवलास का!

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ट्रामची सबब तयार ठेवली होती.

पहिल्यांदा लग्न, दुसऱ्यांदा बाळंतपण, तिसऱ्यांदा मी.

२९ एप्रिल, रविवार. सकाळ

दादा आज मेलने परत जाणार. वहिनींना म्हणाले (आई ऐकून आली), आता पेपरही गेला, इथे एकटी कशाला राहतेस, मे महिन्यात तिकडेच या दोघी, मला पोर परत हवी. वहिनी हो म्हणाल्या. लगेच. वाद न घालता. आई म्हणाली, ते हो ऐकवत नव्हतं.

शकुनला नागपूरला नेणार. माझ्यामुळे. तिथे तर सगळेच बर्गी.

भाषण तयार केलं. चार पानी. प्रास्ताविक, मराठ्यांच्या बंगाल स्वाऱ्या, बालमनाची जडणघडण, बेबीसिटिंगच्या लेखातल्या त्रुटी, समारोप. तिसऱ्या पानापर्यंत दोष लेखाचा निघत होता. चौथ्यावर दादांच्या मिशांचा. फाडलं.

जातो. आत्ता. नाही, आंघोळ करून. नाही, आत्ताच.

तीच तारीख. बेहाला, ट्राम डेपोचा बाक

गेलो. दार उघडं. दादा होल्डॉल बांधत होते, वहिनी पट्टा ओढत होत्या. शकुन खिडकीत, त्यांच्यापासून शक्य तितकी लांब, बाहुली पोटाशी धरून.

वहिनी म्हणाल्या, आलास? चहा टाकते. मी म्हटलं, नको, आधी ऐका. आणि एका दमात सांगितलं. ती बाबांना विसरलेली नाही. मी तिला बर्गी सांगितले. मिशा मी लावल्या, बोचकं मी दिलं, नागपूर मी सांगितलं, मराठी मी सांगितली. झोपवायला. काल मी मुद्दाम पळालो. ट्राम बंद नव्हती.

पट्टा वहिनींच्या हातातून सुटला. होल्डॉल उलगडत गेला आणि त्यातून एक उशी, दोन लेंगे आणि छोटी निळी तीनचाकी सायकल बाहेर आली. शकुन सायकलकडे बघायला लागली. मग दादांकडे. मग माझ्याकडे. मी खाली बसून तिला म्हटलं, शकू, बोचक्यात मुलं नसतात. हे बाबा आहेत. बर्गी हे नाहीत. बर्गी मी.

तिने बाहुली पाठीमागे लपवली. माझ्यापासून.

दादा उठले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. शब्द बाहेर पडेपर्यंत मी जिन्यावर होतो. दोन दोन पायऱ्या. ठाकुमांच्या दारातून, अंगणातून, फाटकातून.

वरून, खिडकीतून, आठ दिवसांत पहिल्यांदा मराठीत:

बाबा, बघा बघा! बर्गी पळाला!

ट्राम आली. कुठली ते पाहिलं नाही. चढतो.