एकीने कापायचं, दुसरीने निवडायचं

४ फेब्रुवारी
आले एकदाची दवाखान्यात. खोली झकास, पलंग खिडकीजवळ. भाचीने कपडे कपाटात लावले आणि वर दम दिला की मावशी, इथल्या नर्सना शिस्त लावायला जाऊ नकोस. जन्मभर शाळेत पोरांना रांगेत उभं केलंय, खोड अशी जाते होय?

डॉक्टरांनी किडनीचं चित्र काढून दाखवलं. कडेला वाटाण्याएवढी गाठ. रक्तवाहिनी चिमट्याने थोडा वेळ बंद करायची, गाठ तेवढी कापायची, बाकीची किडनी शिवून ठेवायची. माझ्याकडे एकच आहे ना. दुसरी ताईला दिली. ही गेली तर उरलेला जन्म डायलिसिसवर. ते हाल मी ताईचे पाहिलेत, माझे होऊ देणार नाही.

६ फेब्रुवारी
ताईला जाऊन वर्ष झालं. लहानपणी सफरचंद असो, खोडरबर असो, आईचा एकच नियम: एकीने कापायचं, दुसरीने आधी निवडायचं. ताई नेहमी मलाच कापायला लावायची. बोट दिलं की मनगट धरणारी बाई. तरी किडनी आनंदाने दिली. बहिणीला नाही देणार तर कुणाला?

आज भाची चहाला गेली, तेव्हा स्टुलावर ताई बसली होती. आजारातली सुजलेली नव्हे, चांगली टुणटुणीत. कोण कापणार, असं विचारत होती. मी म्हटलं, डॉक्टर कापतील, तुझा काय संबंध? औषधांनी भास होतात म्हणे. होऊ देत.

९ फेब्रुवारी
झालं ऑपरेशन. गाठ निघाली, किडनी वाचली. डॉक्टर खूश आहेत.
एकच सांगायचं राहिलं. भूल चढताना मास्क लावलेली एक बाई वाकून बघत होती. सफरचंदाच्या दोन फोडींकडे ताई बघायची, तशी.

१३ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. कापलेला तुकडा निरोगी निघाला. नव्या तपासणीत गाठ जागच्या जागी आहे. डॉक्टर शपथेवर सांगतात की गाठ त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. भाची रडतेय.
मला कळलं. चांगली फोड तिने उचलली.

१४ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणतात, आता पूर्ण किडनी काढू. मी सही करणार नाही. पुन्हा तेवढीच गाठ कापा म्हटलं.
ताई आली होती. गाल वर आलेत तिचे. मी झापझाप झापलं. एक किडनी दिली, वर एक तुकडा नेलास, आता कण मिळणार नाही. ती म्हणाली, नियम म्हणजे नियम.
बरं. मग मीही नियमानेच जाईन.

१५ फेब्रुवारी
सांगितलं तिला. या खेपेला काप तू, निवडते मी. जन्मात पहिल्यांदा हो म्हणाली. वाद नाही, काही नाही.
जिंकले मी.

१५, दुपार
आलीय. डॉक्टरांसाठी थांबणार नाही म्हणते. दार आतून लावलंय — बाहेरून भाची हाका मारतेय — आवाज फुटत नाही, हात तेवढा चालतोय —

बोटाने आखतेय. कमरेवर नाही — कपाळापासून. नाकावरून खाली, सरळ —
फक्त किडनी ठरली होती, असं मी लिहून दाखवलं. ती म्हणाली, दोन फोडी सारख्या हव्यात ना —

घाबरत नाही मी. काप. पण आधी निवडणार मीच. मला ही उजवी —