घोगऱ्याच्या चुका

३ मार्च, सोमवार

घोगऱ्या आज पुन्हा अंगावर आला. एवढा मोठा तपासणी विभागाचा डॉक्टर, बोलतो मात्र तोंडात गोटी धरल्यासारखा! त्याने यंत्रात बडबडायचं, मी हेडफोन लावून रिपोर्ट टाइप करायचे. म्हटलं, ‘डॉक्टर, जरा सावकाश सांगा.’ तर सगळ्यांदेखत म्हणतो, ‘बाई, कान तपासून घ्या!’ मेला!

वर टायपिंग बाहेर द्यायचं घाटतंय. मी कॉम्प्युटरचे मॅक्रो शिकून वेग वाढवला तर नोकरी राहील म्हणे. ही अक्कल त्याचीच!

५ मार्च

मॅक्रो शिकवायला हॉस्पिटलच्या मालकांचा जावई. मला काकू म्हणतो! आधी स्वतःचं टक्कल बघ म्हणावं.

पण काम सोपं निघालं. रेकॉर्डचं बटण दाबून एकदा टाइप करायचं. पुढे एक कळ दाबली की जसंच्या तसं उमटतं. घोगऱ्या गुडघ्याच्या प्रत्येक रिपोर्टला तोच परिच्छेद आळवतो — हाडं शाबूत, सांध्यात पाणी नाही. हातात होता त्या पेशंटचाच रेकॉर्ड करून टाकला. आता नाव आणि मथळा मी टाइप करायचा, खाली एफ-सात, की परिच्छेद हजर! तेवढा वेळ त्याचं रेकॉर्डिंग पुढे पळवते. त्याचा आवाज जितका कमी ऐकावा तितकं बरं.

११ मार्च

घोगऱ्या जिन्यात दिसला. बघितलं न बघितल्यासारखं केलं त्याने. मीही.

१४ मार्च

जावयाने आज मजकूर शोधणारा मॅक्रो दाखवला, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. घाईत डावं-उजवं करत असणारच घोगऱ्या! मथळ्यात ‘उजवा’ असेल तर त्याच रिपोर्टात ‘डावा’ शोधायचं, सापडलं की पिवळं करायचं. मग बघू कोणाचे कान तपासायचे ते.

१५ मार्च

डोंबल! ‘डावा’ शोधते तर ‘डाव्या’ सापडत नाही. नुसतं ‘डाव’ घातलं तर स्क्रीन गोठला. शेवटाला पोचला की पठ्ठ्या पुन्हा पहिल्यापासून शोधत सुटतो. जावई हसला. ‘काकू, थांब असं सांगितलंच नाहीत त्याला.’ दात घशात घालावेसे वाटले. थांबायची ओळ घातली.

१८ मार्च

चालला! या महिन्याचे सगळे रिपोर्ट घातले आणि पिवळं, पिवळं, पिवळं! मथळा उजव्या गुडघ्याचा, खाली ‘डाव्या गुडघ्याची हाडं शाबूत’. एक नाही, नऊ जण! आणि खाली सही घोगऱ्याची, ऐटीत. न वाचता ठोकतो सह्या.

घरी गुणगुणत आले. नवरा म्हणाला, ‘कोणाचा काटा काढलास?’ ओळखतो मला.

१९ मार्च

नऊच्या नऊ रिपोर्ट हॉस्पिटल सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवले. त्यांचा चेहरा उतरला. घोगऱ्याला बोलावून घेतलं, दार बंद. बाहेर आला तो पांढराफटक. म्हणत होता, ‘असं मी म्हणणार नाही हो... पण सही माझीच आहे.’ मला इतका आनंद झाला की चहा दोनदा प्यायले.

बाई म्हणाल्या, पुरावा पक्का हवा, उद्या रेकॉर्डिंग काढून ऐका. ऐकते की! मजाच आहे.

२० मार्च

ऐकलं. ‘उजव्या गुडघ्याची हाडं शाबूत.’ स्पष्ट. नऊही वेळा.

डावा माझ्या एफ-सातमध्ये आहे. रेकॉर्ड केला तेव्हा हातातला पेशंट डाव्या गुडघ्याचा होता.

हे रेकॉर्डिंग फक्त माझ्याकडे असतं. पुसलं असतं तर कोणाला कळलं नसतं. बोट कळीवर गेलंही होतं. पण नऊ जणांमधल्या एका बाईंचं ऑपरेशन उद्या सकाळी, दुसऱ्या हॉस्पिटलात. तिथे हाच रिपोर्ट गेलाय.

घोगऱ्यालाच फोन लावला. सगळं सांगून टाकलं, एका दमात. वाटलं, आता खातो मला.  तो म्हणाला, ‘बाई, जरा सावकाश. नावं सांगा, मी लिहून घेतो.’