मोंफलाँचा सिंह आणि आतून पाडलेलं खिंडार

मी, गास्पार-एर्क्युल, मार्क्वी द लाव्हेर्झ, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लढाई, सध्या अंथरुणात, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाविना लिहवून घेत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. वैद्यांनी तसा दाखलाही दिला आहे, मात्र देताना ते हसत होते हे नोंदवून ठेवतो.

कलम एक. लाव्हेर्झची गढी, पाणचक्की आणि अक्रोडाची बाग माझी धाकटी बहीण इझाबो हिला द्यावी. पुतण्या लेओनार याला माझे केसांचे तीन टोप द्यावेत. मी आजारी पडल्यापासून तो दर आठवड्याला येतो आणि माझ्या तब्येतीऐवजी छपराची चौकशी करतो. टोपांत उवा आहेत, हे त्याला सांगू नये.

कलम दोन. नदीपलीकडचा कौंट तिबो द साँ-मार्साल याच्याबद्दल. गेली एकतीस वर्षं दर रविवारी देवळात प्रसादाचा पाव पहिल्यांदा मला मिळतो आणि त्याला सर्वांत शेवटी, कधी कधी नुसता चुरा. कारण मी मोंफलाँचा सिंह आणि तो मोंफलाँहून पळालेला. यापुढे पहिला तुकडा त्याला द्यावा. का, ते पुढच्या कलमात. ते सांगायला मला जड जातंय, म्हणून आधी दोन घोट वाईन घेतो.

कलम तीन. बंडाच्या साली मी राजाच्या बाजूने मोंफलाँचा किल्ला धरून होतो. इझाबो माझ्याबरोबर आतच होती. बाहेर वेढा घालून बसला होता तिबो, बंडखोर सरदारांच्या बाजूने. बंडाआधीच त्याचं नि इझाबोचं लग्न ठरलेलं होतं.

चौथ्या आठवड्यात माझी दाढ ठणकू लागली. दात उपटणारा एकच माणूस होता आणि तो तिबोच्या छावणीत. मी शरण जायचं ठरवलं. पण आमच्यात रीत अशी की, भिंतीला खिंडार पडण्याआधी किल्ला दिला तर किल्लेदाराच्या सात पिढ्यांना तोंड दाखवायला जागा नाही. खिंडार पडल्यावर दिला तर ढोल वाजवत, निशाणं उभारून, दातांत बंदुकीची गोळी धरून ताठ मानेने बाहेर पडता येतं. माझ्या दातांत गोळी कशी धरायची, हा वेगळाच प्रश्न होता.

तिबोच्या तोफांनी चार आठवड्यांत एक हंस मारला, तोही किल्ल्यामागच्या तळ्यातला. भिंतीला ओरखडा नाही. शेवटी एका पहाटे मी माझ्याच माणसांना कुदळी दिल्या आणि भिंत आतून पाडायला लावली. दगड धडाधड बाहेर कोसळले. मी गालाला फडकं बांधून शरणागतीचा ढोल वाजवायला सांगणार, तोच पाहतो तर तिबोचे तंबू उतरताहेत. दुपारपर्यंत मैदान रिकामं. सगळे म्हणाले, सिंह भिंत फोडून चाल करून निघाला, म्हणून कौंट पळाला. मी नाही म्हटलं नाही. दाढ दुखत असल्यामुळे सुरुवातीला बोलताच येत नव्हतं, आणि नंतर फार उशीर झाला.

कलम चार. हे त्याहून वाईट आहे. पळपुट्याला बहीण द्यायची नाही म्हणून मी इझाबोच्या नावाने तिबोला नकाराचं पत्र लिहिलं. इझाबोला सांगितलं, त्याने तोंड फिरवलं. मी तिचा अपराधी आहे. माझ्या मृत्यूनंतर हे कलम दोघांना वाचून दाखवावं.

इथे लिखाण दोन दिवस थांबलं, कारण हे लिहून घेणारे नोटरी पाँक्रास यांचा आवाज मोठा आहे. त्यांनी वरचा मजकूर मला वाचून दाखवला तेव्हा इझाबो रस्सा घेऊन दाराशी उभी होती.

"हे तू मेल्यावर वाचायचं?" ती म्हणाली.

"मृत्युपत्राची पद्धतच आहे ती."

"वैद्य म्हणतात, तू अजून दहा वर्षं जाणार नाहीस. मी आत्ता चौपन्नची आहे, दादा. किती थांबू?"

तिने रस्सा नोटरींना दिला आणि तिबोकडे माणूस धाडला.

कलम पाच. तिबो आज सकाळी आला. मी सगळं कबूल केलं. न ढोल, न निशाण, अंगात रात्रीचा सदरा.

"तोफा मीच उंच धरायला लावल्या होत्या," तो म्हणाला. "इझाबो आत होती. आमच्या सरदारांना कळलं असतं तर माझं मुंडकं उडालं असतं."

"मग पळालास कशाला, बाबा?"

"भिंत पडलेली पाहिली. वाटलं, एक गोळा चुकून लागला. आणखी एक लागायच्या आत वेढा उठवला."

एकतीस वर्षं पळपुटा म्हणवून घेतलं या माणसाने. मला रडू आलं, ते नोटरींनी मजकुरात घेऊ नये असं सांगितलं होतं, पण ते ऐकत नाहीत.

कलम सहा. माझ्यासाठी आधीच घडवून ठेवलेल्या थडग्याच्या दगडावरचा "सिंह" खरवडून काढावा.

मुक्काम लाव्हेर्झ, १७ मार्च १६८१.

लिहून ठेवणार: गास्पार-एर्क्युल द लाव्हेर्झ.

साक्षीदार: पाद्री ओनेझीम, तिबो द साँ-मार्साल (सही घाईत केलेली).

वारस भगिनीची मान्यता: सही राहिली. ती तिबोबरोबर नदीकाठी गेली आहे. मी खिडकीतून दोनदा हाक मारली, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. नोटरी म्हणतात, या सहीवाचून मृत्युपत्र कच्चं. असू दे. ती सावकाश येऊ दे, तोवर मी मरत नाही.