मिझुकावा भंगारात देण्याबाबत

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर

आदरणीय कडुबा दाजी यांस,
साहेबरावचा मनापासून जय भीम.

तुमची तब्येत ठणठणीत असेल असं धरून चालतो. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्हाला लांबचं फार स्वच्छ दिसतं असं ऐकलं (समोरच्या इमारतीत कोण काय वाळत घालतं तेही तुम्ही सांगता म्हणे), पण जवळचं दिसतं की नाही ते कळलं नाही, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. अक्काचा बीपी, प्रणयची नोकरी, दारातलं लिंबाचं झाड, सगळं जागच्या जागी असेल. आमचंही सगळं जागच्या जागी आहे. त्यात गाडीसुद्धा आली. फोन न करता पत्र लिहितो आहे याचा राग मानू नका. फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य बोलू देत नाही, आणि तुमचा मेहुणा असल्यामुळं मला तुमचं पहिलं वाक्य तोडता येत नाही. कागद मधेच 'बरं, ठेवतो' म्हणत नाही, एवढाच त्याचा फायदा.

विषय आपल्या मिझुकावाचा आहे. 'आपल्या' म्हणतो, कारण जालना रोडवरच्या त्या शोरूममधून एकाच दिवशी एकाच रंगाच्या दोन गाड्या बाहेर पडल्या, एक आमची पडेगावला आली आणि एक तुमची परभणीला गेली. दोन्ही गाड्या पसंत केल्या त्या आमच्या दादांनी, म्हणजे तुमच्या सासऱ्यांनी. आठवत असेल, लोक ॲव्हरेज विचारतात, डिकी उघडून बघतात. दादांनी प्रत्येक शोरूममध्ये एकच प्रश्न विचारला, कंपनी कोणत्या देशाची? मिझुकावावाला जपान म्हणाला आणि दादांनी तिथंच टोपी काढून टेबलावर ठेवली. "जपान म्हंजे बुद्धाचा देश हाय. तिथला माणूस खोटा नट लावणार नाय." आता हा माणूस रेल्वेत गँगमन होता, त्याचं एक वेळ सोडा; पण दाजी, तुम्ही मुख्याध्यापक होता, शाळेत भूगोल शिकवत होता, आणि सगळ्यात आधी मान तुम्ही हलवली. मी पाटबंधाऱ्यातला कारकून, वडील आणि दाजी दोघांनी मान हलवल्यावर माझ्या मानेला काय स्वातंत्र्य होतं?

गाडी आधी विहारात नेली, मग घरी आणली. दादांनी तिच्यासमोर पंचशील म्हटलं. पाचवं, न पिण्याचं शील तिनं पहिल्याच महिन्यात मोडलं, इतकं पेट्रोल पिणारं आपल्या खानदानात दुसरं कोणी झालं नाही. पण दादांचा विश्वास ढळला नाही, कारण डॅशबोर्डाच्या कप्प्यात कंपनीच्या इतिहासाची एक पुस्तिका होती. आमची निशा तेव्हा दहावीला होती, तिच्याकडून ते इंग्रजी मराठीत करून घेतलं आणि आल्यागेल्याला चहाच्या आधी ऐकवलं. कंपनीचा संस्थापक म्हणे देवळांच्या घंटा ओतायचा. लढाईत सरकारनं धातू नेला. लढाई संपल्यावर घंटा कोणाला नको होत्या, लोकांना भात शिजवायला भांडी हवी होती, म्हणून तो भांडी करू लागला. भांड्यांवरून तीनचाकी टेम्पोवर आला, टेम्पोवरून मोटारीवर. निशा टेम्पोपर्यंत पोचली की दादा हात वर करायचे, "इथपर्यंत बास." त्यांना घंटांशी मतलब होता. पुढं पुढं तर त्यांच्या सांगण्यात तो संस्थापक उपासक झाला, मग श्रामणेर झाला, आणि दादा आणखी दोन वर्षं जगते तर त्याला भिक्खू करूनच थांबले असते.

पुस्तिकेनंतरचा इतिहास तुम्हाला-मला पाठ आहे. कंपनीनं हिंदुस्थान सोडला, शोरूमच्या जागी साड्यांचं दुकान आलं (मी सवयीनं आत जाऊन ऑइल फिल्टर मागितला, पोरीनं न रागावता पैठणी दाखवली). मग कंपनीनं मोटारी करणंच बंद केलं. आता ती लिफ्ट बनवते. बरं झालं हे बघायला दादा नव्हते. आपल्यासारख्या अनाथ मालकांचा तो व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना, त्यात तुम्ही फक्त 'शुभ सकाळ' टाकता, पण मी रोज वाचतो. कोणाची गाडी भंगारात गेली की सगळे हात जोडलेले चित्र टाकतात, आणि पाच मिनिटांत कोणीतरी हळूच विचारतो, उजवा आरसा शिल्लक आहे का?

आता आमच्या गाडीची हकीकत. आई दर पौर्णिमेला लासूर स्टेशनला आवडामावशीकडं जाते, हे तुम्ही जाणताच. दोघी बहिणी पांढऱ्या साड्या नेसून वंदना करतात, खीर खातात आणि चार वाजेपर्यंत मेलेल्या माणसांची उणीदुणी काढतात. गेल्या वर्षी मावशीचा खुबा मोडला, ती खाटेला लागली, तेव्हापासून आई एक पौर्णिमा चुकवत नव्हती. तर आषाढी पौर्णिमेला शरणापूर फाट्यावर गाडीनं मान टाकली. मेकॅनिक म्हणाला डिस्ट्रिब्युटर गेला. म्हणजे इंजिनाला ठिणग्या वाटून देणारा डबा. दुसऱ्या कुठल्या गाडीचा चालत नाही, नवीन मिळत नाही, जुना दुरुस्त होत नाही. हे त्यानं इतक्या शांतपणे सांगितलं की मला दादांना दवाखान्यात नेलं तो दिवस आठवला.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या गाडीनं ने. नेली असती. शेजारच्या शिवमनं त्याची उंच जीप दारात लावली, खाली स्टूल ठेवलं. आईचा एक पाय आत आणि एक पाय स्टुलावर, अशी ती पाव तास अडकून राहिली. ना वर जाईना, ना खाली येईना, आणि गल्लीतल्या बाया येऊन तिला ख्यालीखुशाली विचारून गेल्या. भाड्याची बुटकी गाडी आणली, तर तीत बसली खरी, पण उतरवायला चार माणसं लागली. रिक्षात तिला मळमळतं. मिझुकावाची सीट मात्र बरोबर तिच्या कमरेएवढी आहे. दार उघडायचं, पाठ करायची, टेकायचं, झालं. कंपनीनं माप कोणाचं घेतलं होतं देव जाणे. (देव म्हटलं, चुकलं, सवय जात नाही.) तेव्हापासून तीन पौर्णिमा गेल्या. मावशीशी फोनवर बोलणं होतं, पण मावशीला ऐकू येत नाही आणि आईला दम पुरत नाही. परवा फोन ठेवून आई म्हणाली, "आवडीचं तोंड बघितल्याबिगर ती जाती काय, का मी जाते." नुसतं सांगितलं, रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून मी डबा शोधायला निघालो. ग्रुपमधले सिल्लोडचे जब्बार मास्तर म्हणाले, आमच्या गाडीला दुसऱ्याच गाडीचा डबा बसवलाय, मस्त चालते, या बघायला. गेलो. मास्तरांनी जेवू घातलं, गाडी काढली, मक्याच्या बाजारापर्यंत फिरवून आणली, दारात लावली, किल्ली काढून खिशात घातली आणि आत जाऊन बसले. गाडी बाहेर चालूच. मी म्हटलं, मास्तर, गाडी. मास्तर म्हणाले, "चलती तो है साहेबराव, बस बंद नै होती. पेट्रोल खतम हुआ तो अपने आप चुप हो जाती, फिकर नक्को." मी निघालो तेव्हाही ती दारात थरथरत होती.

मग आईनं डोकं चालवलं. "वेरूळला जपानचे लोक येत्यात ना? त्यायला सांग. त्यायचीच गाडी हाय." दाजी, मी एकसष्ट वर्षांचा माणूस, जुना डबा पिशवीत घालून बौद्ध लेण्यांसमोर दोन दिवस उभा राहिलो. पहिल्या दिवशी रखवालदारानं पिशवी उघडायला लावली आणि आतली वस्तू बघून मला लांब उभं केलं. दुसऱ्या दिवशी एक जपानी घोळका आला. बरोबरच्या गाईडला भाषा येत होती, त्याला सगळं सांगितलं. घोळक्यात एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी डबा दोन्ही हातांत घेतला, त्यावरचं कंपनीचं नाव वाचलं, आणि कमरेत वाकून डब्याला नमस्कार केला. मला वाटलं, सापडला माणूस! त्यांनी गाडी बघायची इच्छा दाखवली, परत जाताना त्यांची बस पडेगावला थांबली, आणि अर्ध्या तासात कॉलनीभर झालं की साहेबरावच्या दारी कंपनी आली. कोणी हार आणला. आईनं थालीपीठं लावली. म्हातारबाबा गाडीत बसले, दार लावलं, उघडलं, परत लावलं, त्या आवाजावर त्यांचे डोळे भरून आले. मग गाईडनं खुलासा केला की हे दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्याकडंही अशीच गाडी होती, बायकोनं भंगारात द्यायला लावली, तेव्हापासून घरात बोलणं कमी झालं आहे. एवढं सांगून सगळे आईबरोबर फोटो काढून गेले. महिन्यानं जपानहून पार्सल आलं. आईनं ते उघडायच्या आधी मेकॅनिकला बोलावून बसवलं. आत फोटोची फ्रेम होती आणि बिस्किटं. मेकॅनिकनं बिस्किटं खाल्ली.

शेवटी तुम्हाला फोन केला. सारख्या रंगाची, सारख्या डब्याची गाडी तुमच्या लिंबाखाली उभी. ऑपरेशन झाल्यापासून अक्का तुम्हाला चालवू देत नाही. तुम्ही दर रविवारी ती पुसता आणि आत बसून पेपर वाचता. तरी तुम्ही म्हणालात, "साहेबराव, चालू गाडीचा अवयव काढत नसतात," आणि फोन ठेवला. मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होतो, पण वाटलं. सासूसाठी नाही म्हणालात याचं जास्त वाटलं. असो. थकलो दाजी. सोमवारी भंगारवाला येतो आहे. दादांच्या पसंतीची वस्तू, तुम्हीही तेव्हा सोबत होता, म्हणून तुमच्या कानावर घालणं माझं काम. तुमच्याकडून काहीही नको.

अक्काला जय भीम. प्रणयला आशीर्वाद. उन्हात गाडी पुसू नका, चक्कर येते.

तुमचा मेहुणा,
साहेबराव

ता. क. पाकीट चिकटवायचं राहून गेलं ते बरं झालं. आज दुपारी अक्का आली. दोन दिवस माहेरी राहते म्हणून तुम्हाला सांगून आली म्हणे. आई आत झोपली होती. चहा व्हायच्या आधी अक्कानं पिशवीतून लोणच्याची बरणी काढली, तिच्याखालून जुनी साडी काढली आणि साडीतून डबा काढला. मिझुकावाचा. मागच्या रविवारी तुम्ही पेन्शनरांच्या बैठकीला गेलात, तेव्हा तिनं मेकॅनिक बोलावला होता. मी हबकलोच. म्हटलं, अक्का, दाजींना काय सांगशील? तर म्हणाली, "त्यायला पेपर वाचायला डबा लागतो व्हय? बसत्याल की तसंच." वर मलाच रागावली, की आई तिची पण आहे आणि विचारायला मी परभणीला नुसता दाजींनाच फोन कसा केला. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. तेवढा पत्राचा वर लिहिलेला विषय खोटा झाला, सांभाळून घ्या.

ता. क. दुसरा. (पौर्णिमेनंतर लिहितो आहे. पाकीट अजून घरातच आहे. हिंमत होत नव्हती.) काल लासूरला जाऊन आलो. मावशीला खाटेवरून उचलून गाडीत आणून बसवलं, कारण आई म्हणाली, मी आत येणार नाय, तिलाच हितं आणा, गाडीत दोघी मावतो. मागच्या सीटवर दोघी दुपारभर हातात हात घेऊन बसल्या. मावशीला ऐकू येत नव्हतं, आई बोलतच होती. मी गाडी बंद केली नाही, परत चालू झाली नसती तर? निघताना मावशीनं गाडीच्या दारावरून हात फिरवला आणि डबा कुठून मिळाला ते विचारलं. आईनं आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "माझ्या जावयानं सोताच्या गाडीचा काढून दिला. पोटच्या पोराला सुचलं नाय." दाजी, गल्लीतली माणसं तुमचं नाव घेत होती. मी खाली बघत स्टिअरिंग पुसत होतो.

तर खरी विनंती आता लिहितो. येत्या रविवारी आई याच गाडीतून परभणीला येते आहे, तुमचे आभार मानायला. तुमच्यासाठी तिनं स्वतः शेवया केल्या आहेत, दम लागत असताना. तुम्हाला माझ्यावर जे बोलायचं ते नंतर बोला, फोनवर बोला, मी दुसरं वाक्य बोलणार नाही. पण ती समोर बसलेली असताना फक्त मान हलवा. शोरूममध्ये हलवली होती तेवढीच. डबा दाजींनीच पाठवला, असं आईला मीच सांगितलं. आणि तसं बघितलं तर ते खोटंही नाही. अक्का म्हणते, पिशवी जड म्हणून तुम्हीच ती एसटीत चढवून दिली, वास कसला येतो म्हणून विचारलंत, ती आईच्या गुडघ्याचं तेल म्हणाली, आणि गाडी सुटताना तुम्हीच खिडकीशी येऊन सांगितलंत, सांभाळून ने, आईला लवकर दे.