झाकून ठेवलेलं भरीत

शिरूर, १२ नोव्हेंबर २०२५

ती. धुरपदाआक्कास,
सुलक्षणाचा सा. न. वि. वि.

एस.टी.तून पाठवलेली पिशवी पोचली. भरताची वांगी, बाजरीचं पीठ, भंडाऱ्याची पुडी. पार्सलचे साठ रुपये पडले. तेवढ्यात इथंच वांगी आली असती, पण तुझ्या परसातली म्हणून गप्प बसते.

फोनवर सगळं घर ऐकतं, म्हणून लिहिते. यांना लकव्याचा झटका आला तेव्हा मी खंडोबाला बोलले होते, हे चालायला लागले की चंपाषष्ठीला घरी तळी उचलू. ताटाला पाच पुरुषांचे हात लागतात. हे, आपला भाऊ दत्ता आणि माझे दोघं दीर झाले चार. पाचवा म्हणून शेजारच्या कस्तुराबाईंच्या सत्यजीतला मानानं बोलावलं. त्यानंच यांना उचलून दवाखान्यात नेलं होतं. तर म्हणाला, काकू, आम्ही बौद्ध, बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, देवाच्या ताटाला हात लावणार न्हाई. मी चारचौघांत बोलून गेले, की मग माझा उंबरा चढू नकोस. आठ दिवस झाले, कस्तुराबाई मान वर करून बघत नाहीत. देवाचं काम नाकारणाऱ्याला कसला धर्म, तूच सांग.

तुझी,
सुलक्षणा

दौंड, १७ नोव्हेंबर

चि. सुलक्षणास,
अनेक आशीर्वाद.

मॅट्रिक झालीस पण रागात अजून चौथीतच आहेस. आमच्या शेजारच्या मार्थाबाई माझी पुरणपोळी मागून नेतात, पण कुंकू लावून घेत नाहीत. स्टेशनाजवळचे शिंपी चाचा शुक्रवारी नमाजाच्या वेळेला माझा ब्लाउज कितीही अडला तरी टाका घालत नाहीत. मी मनात म्हणते, देवाला दिलेला शब्द पाळतात, म्हणजे मलाही फसवणार नाहीत.

बुद्धपौर्णिमेला सोमवार होता, आठवतंय का? तू उपास म्हणून कस्तुराबाईंची खीर परत केलीस. त्यांनी ती झाकून ठेवली आणि मंगळवारी आणून दिली. तूच मला कौतुकानं सांगितलंस. तुझा उपास त्यांनी सांभाळला, त्यांची प्रतिज्ञा तुला जड झाली होय?

पाचव्या हाताला वरवंडहून माझा मुलगा नवनाथ येईल.

तुझी,
आक्का

शिरूर, २७ नोव्हेंबर

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी कस्तुराबाईंच्या दारात जाऊन चुकले म्हणाले. त्यांनी बसायला पाट दिला. काल दुपारी नवनाथचा फोन आला, की चौफुल्यालाच गाडी बंद पडली. तळीची वेळ टळत चाललेली, मी रडकुंडीला आले. शेजारून सत्यजीतनं ऐकलं आणि मोटारसायकल काढली. मला म्हणाला, काकू, हात न्हाई लावणार, पण हात आणून देतो.

दिवे लागायच्या आत दोघं आले. सत्यजीत बाहेर ओट्याशीच थांबला. आत पाच जणांनी तळी उचलली, हे स्वतःच्या पायावर उभे होते.

नैवेद्य दाखवायच्या आधीच मी थोडं भरीत आणि दोन भाकरी वेगळ्या झाकून ठेवल्या होत्या. ते ताट बाहेर नेलं आणि सांगितलं, हे देवापुढं गेलेलं नाही. तो तिथंच ओट्यावर बसून जेवला, वर कांदा मागितला.

नाताळात आम्ही दोघं दौंडला येतो. मार्थाबाईंना काय आणलेलं चालेल ते त्यांनाच विचार आणि उलट टपाली कळव. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
सुलक्षणा